लाल डोळे आणि टूडी इको

प्रश्न: डॉक्टर, आम्ही तासगावचे. आईचं वय 67. बरेच महिने झाले दोन्ही डोळे लाल आहेत, चिपाडं नाहीत, खाज नाही, मेडिकलमधनं ड्रॉप आणून घातले तरी फरक नाही. मिरजेला दाखवलं तर म्हणाले शिरा फुगल्यात, डोळ्याचं प्रेशर 26 आहे, मेंदूजवळ फिस्टुला, म्हणजे धमनी नि शीर जोडली गेलेली असेल, एमआर अँजिओ (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) करा. ती नॉर्मल आली. आता म्हणतात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा! डोळ्याचा आणि हृदयाचा काय संबंध, का नुसतं फिरवतायत?

उत्तर: फिरवत नाहीयेत, इको कराच. हृदयाच्या उजव्या बाजूची झडप, ट्रायकस्पिड म्हणतात ती, जास्त लीक असली की रक्त उलटं मानेच्या शिरांत दाबलं जातं आणि डोळ्यामागच्या शिरांत तो फारसा अडत नाही, त्यामुळं कृष्णेला पूर आला की ओढे मागं फुगतात ना तसा तो दाब थेट डोळ्यापर्यंत जातो. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या फुगलेल्या शिरांतच उतरतं, ते अडलं की प्रेशर 21 च्या, म्हणजे नॉर्मलच्या वर जाऊ शकतं. फिस्टुलामध्ये, म्हणजे धमनीचं रक्त थेट शिरेत घुसतं तेव्हा, डोळा अगदी असाच दिसतो, म्हणून अँजिओ वाया गेली असं धरू नका, तो आजार तपासणीत निसटला तर नजर जाऊ शकते. फक्त फिस्टुला बहुतेक वेळा एकाच डोळ्यात दिसतो, कानात धडधड आवाज येऊ शकतो, कधी एकाचे दोन दिसतात.

आता घरी एक बघा. आईला उशा लावून अर्धवट बसवा आणि मानेकडं बघा. शीर वरपर्यंत उडतीय का, कानाची पाळी हलतीय का? पायावर अंगठा दाबला की खड्डा राहतो का, पोट फुगलंय का? असं असेल तर झडपेचा संशय वाढतो. खरं तर हे पहिल्या तपासणीतच बघायला हवं होतं, त्याला ना मशीन लागतं ना पैसे.

झडपेचंच निघालं तर लघवीच्या गोळ्या वगैरे सुरू झाल्यावर डोळेही निवळू शकतात. इको चांगला आला तर मात्र फिस्टुलाचा विषय सोडू नका, छोटा असेल तर एमआरमध्ये दिसत नाही, मग डीएसए, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून काढलेली अँजिओग्राफी करावी लागते.

आणि ते मेडिकलचे ड्रॉप आजच बंद करा, त्यात स्टेरॉइड असेल तर प्रेशर अजून वाढेल. डोळ्याच्या प्रेशरसाठी टिमोलॉलचे ड्रॉप लिहून दिले तर आईला दम लागतो का, नाडी मंद आहे का, हे डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा.