‘व्हिडिओ बंद केला तर आपण दगड झालो असं वाटतं’

‘ताई, ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली, त्याला तीन आठवडे झाले. माझा मुलगा रोज मुलुंड ते दादर जातो. ग्रुपवर आलेले ते व्हिडिओ मी रात्री पुन्हापुन्हा बघते. बंद केला तर आपण दगड झालो असं वाटतं. झोप नाही. हे म्हणतात, मुंबईत हे चालायचंच. – एक आई, मुलुंड’

ताई,

‘चालायचंच’वरून ह्यांच्याशी भांडू नका. घाबरलेली माणसंच असं बोलतात. वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली, कामावर निघालेली माणसं पडली. हे चालण्यातलं नाही, आणि तुमची झोप उडाली यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पण व्हिडिओंबद्दल बोलू. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, तेव्हा माझा नवरा चर्चगेटहून निघालेला होता. फोन लागेना. मी टीव्हीसमोर बसून. रात्री साडेअकराला तो चालत चालत घरी आला. मी दार उघडलं आणि पुन्हा टीव्हीकडे वळले, कारण खाली आकडा बदलत होता. ज्याच्यासाठी बघत होते तो दारात चपला काढत होता! आजही आठवलं की ओशाळायला होतं.

बॉस्टनमध्ये २०१३ साली मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात रोज सहा-सहा तास बातम्या बघणाऱ्यांना, प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त ताण जाणवल्याचं संशोधकांना दिसलं. घरात बसून आपण तो अपघात शंभरदा सोसतो. गेलेल्यांना त्यातलं काही पोचत नाही. उलट, व्हिडिओत दिसणारा तो कुणाचा तरी मुलगा आहे आणि त्याचा शेवटचा क्षण ग्रुपवर फिरतोय. तो न बघणं, पुढे न पाठवणं, हा त्याचा मान राखणंच आहे. तेव्हा दगड वगैरे काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. मुलगा दोन मिनिटांत करून देईल. बातम्या सकाळी पेपरात वाचा, चहाबरोबर. रात्री फोन स्वयंपाकघरात.

काळजीचं काय? ती राहणार. पण तिला एखादं काम द्या. मुलाला वीस मिनिटं आधी उठवा, म्हणजे कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या गाडीत घुसण्याऐवजी त्याला ठाण्याहून सुटणारी स्लो पकडता येईल. ‘दारात उभा राहू नकोस’ हे रोज ऐकून तो कंटाळला असेल, डबा वेळेवर तयार असेल तर मात्र निघेल. दादरला उतरल्यावर त्याने ‘पोचलो’ एवढाच मेसेज करावा असं ठरवून घ्या. तो मेसेज येईपर्यंत तुम्ही फोन करायचा नाही. हे तुम्हाला जड जाईल, माहीत आहे.

आणखी दोन आठवड्यांतही झोप आली नाही, किंवा गाडीचा आवाज ऐकून छाती धडधडत राहिली, तर डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ह्यांनाही सोबत बसवा. ‘चालायचंच’ म्हणणारा माणूसही रात्री कुशी बदलत असतो, मी बघितलंय.

– तुमची ताई