गरम पाण्याची कुंडं, मगरी आणि होडी: आधी तिथी बघा, मग रजा टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत चार दिवस, सोबत गुडघेदुखीने बेजार झालेली सत्तरीची आई आणि दहा वर्षांची मुलगी. फ्लोरिडातल्या कोमट झऱ्यांत थंडीत गोळा होणाऱ्या मॅनेटींचा (पाण्यात राहणारा मोठा, संथ सस्तन प्राणी) व्हिडिओ पाहून मुलीने हट्ट धरलाय की आपणही गरम पाणी, जनावरं आणि स्वतः वल्हवायची होडी असं काहीतरी करू. कोकणात हे एका जागी मिळेल का?

एका जागी नाही मिळणार. फ्लोरिडातल्या झऱ्यांचं पाणी बारा महिने साधारण २२ अंशांवर असतं आणि २० च्या खालचं पाणी मॅनेटीला सोसत नाही, म्हणून ती झऱ्याकडे धावते. आपल्याकडे उलट आहे. नद्या थंडीतही तेवढ्या गार होत नाहीत आणि झऱ्यांचं पाणी चटका देणारं, त्यामुळे कुंडाकडे कुठलंच जनावर फिरकत नाही. पण चिपळूण ते वेंगुर्ला अशा एका ओळीत या तिन्ही गोष्टी मिळतात. आमच्या घरच्यांना मी हीच वाट दोनदा दाखवली आहे. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला असल्यामुळे कुंडं तर लहानपणापासूनची ओळखीची.

सगळ्यात आधी कॅलेंडरमध्ये तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि खाडीत जसजसे आत जाल तसतसा वेळ अर्धा-पाऊण तास पुढे सरकतो. षष्ठीला भरती साडेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहा-अकराला. मगरी बघायला हीच वेळ हवी. नवमीला पहाटे पावणेसातला भरती. वल्हवायला ती हवी. म्हणून षष्ठीच्या सकाळी चिपळूणला आणि नवमीच्या पहाटे वेंगुर्ल्याला, असा बेत करा. तिथी न बघता नुसते शनिवार-रविवार धरून निघालात तर ऐन पौर्णिमेच्या उधाणातही सापडू शकता. तेव्हा दुपारी पाणी काठोकाठ असतं, मगरी दिसायच्या कुठे?

चिपळूणला वाशिष्ठीच्या खाडीत इंजिनाच्या होडीतून फिरवतात. थंडीत मगरीला अंग तापवायला ऊन लागतं, आणि ओहोटीने काठचा चिखल उघडा पडला की ती वर येऊन पसरते. पहिल्यांदा ओंडकाच वाटतो. मग पाठीवरचे खवले दिसतात, मग उघडा जबडा. मुलगी घाबरली तर तिला सांगा, ती कोणावर धावून येत नाहीये, जास्त तापलं की जबडा उघडून अंग गार करते. होडीवाल्याला आधीच बजावा की इंजिन बंद करून लांबच थांब. जवळ नेलं की ती पाण्यात सरकते, आणि तुमच्या मागून येणाऱ्या होडीला काहीच दिसत नाही. एक गोष्ट कळकळीने सांगतो: वाशिष्ठीत कयाक काढू नका, पाय सोडून बसू नका, हात धुवायलाही काठावर वाकू नका. व्हिडिओत लोक मॅनेटीच्या शेजारी पोहतात, पण ती पाला खाणारी जात आहे.

त्याच दुपारी गाडीने संगमेश्वरच्या दिशेने निघा. आमच्याकडे गरम पाण्याला ‘ऊन पाणी’ म्हणतात आणि झऱ्याला उन्हाळं. उन्हवरे, उन्हाळे ही गावांची नावं त्यातूनच आली. पालघरपासून राजापूरपर्यंत असे झरे एका पट्ट्यात आहेत. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. या वाटेवरच्या आरवलीच्या कुंडाचं पाणी आईंना झेपेल असं, साधारण चाळीस अंशांचं. तुरळचं त्याहून बरंच कडक, साठीच्या घरातलं. तिथे थेट उतरायचं नाही, बादलीत काढून गार पाणी मिसळायचं. राजवाडीचं या दोहोंच्या मधलं, आणि तिथलं सोमेश्वराचं लाकडी कोरीवकामाचं देऊळ चुकवू नका. दापोली तालुक्यातलं उन्हवरे प्रसिद्ध आहे, पण पाणी सत्तर अंशांच्या आसपास आणि वाट आडवळणाची, या फेरीत सोडून द्या.

माझी आई राजवाडीला पायरीवर बसली तो दिवस आठवतो. सूर्य उगवायचा होता, कुंडावर वाफ इतकी दाट की पलीकडची बाई दिसेना, फक्त बांगड्यांचा आवाज. आईने आधी टाच टेकवली, झटक्यात वर घेतली, मग हळूहळू घोट्यापर्यंत पाय सोडले. पाचव्या मिनिटाला म्हणाली, “आता बोलू नको, बसू दे.” घरी आल्यावर बघतो तर पायातली जोडवी काळी पडलेली. पाण्यात गंधक असतं, चांदीला ते लागतं. चांदीचं काही असेल तर काढून ठेवा. साबण लावू नका, पुढच्यालाही त्याच पाण्यात उतरायचं असतं.

आईंना मधुमेह असेल तर जास्त काळजी घ्या. पायाची संवेदना कमी झालेली असते, चटका कळत नाही आणि फोड उठतात. पाणी आधी तुम्ही कोपराने तपासा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एरवीही दहा मिनिटं पुरे, आणि उठताना हात धरा, कारण चक्कर येते ती उठतानाच. गुडघा बरा होईल असं मी म्हणणार नाही. त्या रात्री आई न कण्हता झोपली, एवढं खरं.

सप्तमीची पहाट कुंडावर, मग दक्षिणेला. वाटेत राजापूरजवळच्या उन्हाळे गावात थांबा. गरम झरा आणि अधूनमधून प्रकट होणारी गंगा, दोन्ही त्याच गावात. गंगा आली असेल तर गर्दी धरून चाला. अष्टमी वेंगुर्ल्यात नुसती आरामाची ठेवा, आईंना लागेलच.

नवमीला मांडवी खाडी. इथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया स्वतः वल्ही मारत कांदळवन दाखवतात. आधी फोन करून वेळ ठरवा, पहाटेची मागा. थंडीत सकाळी मतलई वारा मंद असतो, दुपारनंतर खारे वारे सुटले की पाण्याला लाटा येतात. भरतीच्या पाण्याने फांद्यांखालून होडी अलगद आत जाते. कांदळाचे आधारमुळांचे पाय, तिवराची चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं, एकच नांगा हलवत बसलेला लाल खेकडा, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, वर ब्राह्मणी घार. मुलीला कांदळाची लांब शेंग दाखवायला सांगा. ती शेंग नसून झाडावरच रुजलेलं रोप असतं, खाली पडलं की चिखलात उभं राहायला तयार. परतताना वल्हं मागून बघा, थोडा वेळ हातात देतीलही.

पूर्णपणे स्वतः वल्हवायचं असेल तर मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदीच्या बाजूने कयाक भाड्याने मिळतात. समुद्राच्या तोंडाकडे जाऊ नका, ओहोटीला ओढ फार असते. एका वर्षी दुसऱ्याच एका खाडीत आम्ही कयाक घेतली, देणाऱ्याने ओहोटीची वेळ सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. आतल्या फाट्यात पाणी उतरलं आणि कयाक चिखलात बसली. उतरलो तर मांडीपर्यंत रुतलो. पाणी परत चढेपर्यंत चार तास भाचा उन्हात रडत होता. तेव्हापासून माझा नियम: भरतीबरोबर आत, उतार लागायच्या आधी मागे फिरायचं. लाईफ जॅकेट मुलीच्या मापाचं आहे का ते पाण्यात उतरायच्या आधी घालून बघा, मोठ्यांचं जॅकेट तिच्या डोक्यावरून निसटतं.

परतीची गाडी कुडाळहून धरा. जानेवारीची आरक्षणं लवकर भरतात, त्यामुळे तिथी ठरली की त्याच दिवशी तिकीट काढा. आईंच्या पायाची चौकशी नंतर करेनच, इथेच लिहा.