‘ऑकवर्ड’ म्हणजे अवघडलेली नव्हे

ताई, तुम्ही विचारलंत की बडोद्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरला निघालोय, आयईएलटीएसचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) स्कोअर चांगला आहे, मुलगी ६ वर्षांची. तर इंग्रजीची अडचण येईल का?

व्हिसाचं, फीचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते इथे उगाळत नाही. पत्त्याच्या पुराव्याचं मात्र आठवलं की अजून डोकं तापतं. बँक म्हणे भाडेकरार आणा, घरमालक म्हणे आधी बँकेचं स्टेटमेंट दाखवा. तीन आठवडे पिशवीत कागद घेऊन हिंडलो. एकटेपणाचं विचाराल तर बेलग्रेव्ह रोडवर गुजराती कानावर पडतं, निभतं.

घात करतात ते आपल्याला येतात असे वाटणारे शब्द. ‘ऑकवर्ड’ घ्या. आपण शिकलो, अवघडल्यासारखं होणं. पाहुण्यांसमोर काय बोलावं सुचेना, तसं. तो अर्थ आहेच. जिन्यातून नेताना अडणारं कपाटही ऑकवर्ड. पण एखाद्याला ‘बीइंग ऑकवर्ड’ म्हटलं, की इथे बहुतेकदा त्याचा अर्थ मुद्दाम अडून बसलाय, असा. शब्दाचं मूळच ‘उलट्या दिशेला वळलेलं’.

मुलगी इयर टूमध्ये होती. (इथे इयत्ता वयावरून, ३१ ऑगस्टपर्यंत ६ पूर्ण असतील तर तुमचीही तिथेच बसेल, तिकडे काय शिकली ते कुणी विचारत नाही.) पालकसभेला दहा मिनिटं मिळतात, तीही पोरांच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून. बाई म्हणाल्या, हजेरीच्या वेळी ‘शी इज बीइंग ऑकवर्ड’. मी हसून म्हटलं, येस येस, मीही लहानपणी तसाच होतो! बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

भानगड अशी होती की तिच्या नावातल्या ‘ळ’चा बाई ‘ल’ करायच्या, आणि ही ओ देत नव्हती. वर्गातली गुजराती पोरं नीट म्हणायची, त्यांच्याकडे ‘ळ’ आहे. हे मला चार महिन्यांनी कळलं, एका सहकाऱ्याने त्याच्या सासऱ्यांना ‘ऑकवर्ड’ म्हटलं तेव्हा. घरी येऊन विचारलं. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही तर हसलात ना.’

परत शाळेत जाऊन बोलायला हवं होतं. नाही गेलो. तोवर ती हजेरीला ओ द्यायला लागली होती. आता कॉलेजात आहे, आणि स्वतःचं नाव स्वतःच ‘ल’ने सांगते.