पोटखराब्यातली वीस पावले

सातारा,
४ सप्टेंबर

चि. तुला अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी पोहोचली. आजोळच्या घरात राहायला जाऊन तुला जेमतेम तीन महिने झाले असतील, आणि तेवढ्या अवधीत बामणोलीच्या वाटेवरच्या त्या घराभोवतीची ११२ फुले तू मोबाइलमध्ये टिपलीस व त्यांची नावेही जमवलीस, याचे मला कौतुक वाटले. यादी दोनदा वाचली. एक गोष्ट मात्र खटकली. आज पाहिलेले फूल उद्या कसे दिसत होते, त्यावर कोण येऊन बसले आणि ते गळाल्यावर मागे काय उरले, याचा एका शब्दानेही उल्लेख त्या ११२ नावांपुढे नाही. आता पुढे काय करावे असे तू विचारले आहेस. यादी तूर्त ट्रंकेत ठेव आणि घरामागच्या उतारावर वीस पावले लांब व तितकाच रुंद असा एक तुकडा निवड, एवढेच मी सांगेन. वर्षभर बाकी कुठे गेली नाहीस तरी चालेल.

सुरुवात तेरड्यापासून कर. गौरी आता तोंडावर आल्या आहेत. तुझ्या मामी बांधावरचा तेरडा मुळासकट उपटून गौरी म्हणून घरात आणतील, तेव्हा त्यातली दोन-तीन रोपे तुझ्यासाठी जागेवर राहू देण्याची विनंती त्यांना आधीच करून ठेव. मग त्यांच्यावरच्या आजच उमललेल्या एका फुलाच्या देठाला तांबडा दोरा सैल बांध आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे त्याच्यापाशी बस. फुलाच्या मागच्या बाजूला शेपटीसारखी बारीक, वाकडी नळी दिसेल. मध असतो तो तिच्यात. फुलाच्या तोंडाशी, वरच्या अंगाला, पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली एक फिकट टोपी असते. मधासाठी आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीवर या टोपीतले पराग बरोबर घासले जातात. पहिल्या टप्प्यात फूल एवढेच काम करते. पुढे ही टोपी अख्खी गळून पडते आणि तिच्याखाली इतका वेळ झाकलेले हिरवे टोक उघडे होते. ते स्त्रीकेसराचे टोक होय. आता तेच फूल दुसऱ्या फुलावरून आलेले पराग स्वीकारायला तयार झालेले असते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती माणसांच्या चंचलपणाला लावून मोकळे होतो, पण तेवढ्या दिवसांत ते फूल आधी देणारे आणि मग घेणारे होते, हे मलाही वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. दिवस तीनच भरतात की कमी-जास्त, हे तुझ्या दोऱ्यावरून तूच मोज. पुढे शेंग फुगली की ती चिमटीत धरून पाहा. तिच्या पाच फाका क्षणात वळून गुंडाळल्या जातात आणि बी बोटांवर उडते.

एकाच जागी वर्षानुवर्षे टिकून राहण्याचा आग्रह मी का धरतो, ते सापकांद्यावरून तुला कळेल. पहिल्या पावसात जमिनीतून नागाने फणा काढावा तसे वर येणारे ते फूल तू जूनमध्ये पाहिले आहेस आणि यादीत सतरावे म्हणून नोंदवलेही आहेस. हे झाड एका वर्षी नर असते आणि दुसऱ्या एखाद्या वर्षी मादी. जमिनीखालच्या कंदात पुरेसे अन्न साठले नसेल तर ते फक्त परागांपुरता खर्च करते. कंद चांगला पोसला गेला की फळे धरण्याची जबाबदारी अंगावर घेते. हे एका फोटोवरून कधीच दिसणार नाही. त्यासाठी झाडाशेजारी दगड ठेवून त्यावर क्रमांक घालावा लागतो आणि पुढच्या मृगात त्याच दगडापाशी परत यावे लागते.

तुकडा कुठला निवडावा, हाही तुझा प्रश्न आहे. विहिरीजवळची काळी, भुसभुशीत माती मी घेणार नाही. घराच्या वरच्या अंगाला जांभ्याचा जो उघडा कातळ आहे, त्याची कड आणि तिथून सुरू होणारी झाडी असा अर्धा-अर्धा तुकडा घे. सातबाऱ्यावर त्या कातळाची नोंद पोटखराबा म्हणून असेल, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. कासच्या पठाराचीही जात हीच, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेले ते अशाच कातळावरच्या फुलांमुळे. जांभ्यावर मातीचा थर बोट-दोन बोटे असतो, पावसाळ्यात तो पाण्याने तुडुंब होतो आणि उन्हाळ्यात भाजून निघतो, त्यामुळे मोठ्या झाडांना तिथे पाय रोवता येत नाही आणि छोट्या वनस्पतींना चार महिन्यांत सगळा संसार उरकावा लागतो. त्या मातीत नत्रही फार कमी. म्हणूनच सीतेची आसवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांनी मुळांच्या जागी, ओल्या चिखलात, सूक्ष्म फुगे बाळगलेले असतात आणि त्या फुग्यांत पाण्यातले बारीक जीव ओढून घेऊन ती आपली तूट भरून काढतात. शेजारच्या डबक्यात पांढऱ्या गेंदाच्या गोंड्यांमध्ये दोन फाट्यांचा वायतुरा दिसला तर मला लगेच कळव. त्याच्या शास्त्रीय नावात ‘सातारेन्सिस’ आहे, आणि आपल्या जिल्ह्याचे नाव असे चिखलात उभे असलेले पाहून मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात काळा, निळा आणि केशरी गळा फुगवून माद्यांपुढे मिरवणारे सरडे आहेत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या गटासाठी (जीनससाठी) नवे नाव योजले तेव्हा लॅटिनच्या वाटेला न जाता आपला ‘सरडा’ हाच शब्द घेतला. हे जरा विषयांतर झाले, पण तुला आवडेल असे वाटले.

फाटकाजवळच्या ज्या पिवळ्या-केशरी फुलांना तू यादीत ‘सर्वांत देखणी रानफुले’ म्हटले आहेस, ती कॉसमॉसची आहेत आणि मूळची मेक्सिकोची. कोणीतरी रस्त्याच्या शोभेसाठी बी टाकले आणि ती पसरत गेली. ती उपटून टाक. आपली सोनकी उताराला आपसूक येते, तिला जागा हवी. ‘रानफुलांचे मिश्रण’ म्हणून पाकिटातून मिळणारे बी मागवून परसात फेकण्याचा विचार तर तू पूर्णपणे सोडून द्यावास. घाणेरीच्या बाबतीत मात्र घाई करू नकोस. तीही परकी आहे, पण ओढ्याकाठच्या तिच्या जाळीत बुलबुलांची घरटी असतात. घरटी रिकामी झाल्याची खात्री करून एका कडेने थोडी थोडी काढ आणि मोकळ्या झालेल्या जागेत करवंद येऊ दे.

एक चूक मी केली ती सांगून ठेवतो. तिशीत असताना यवतेश्वरच्या वरच्या माळावर मला खरचुडी, म्हणजे कंदीलपुष्प, सापडले. त्या कंदिलाच्या नळीत खाली झुकलेले केस असतात. चिलटासारखी माशी आत उतरते, पण केसांमुळे तिला वर येता येत नाही, आणि फूल वयात आले की तेच केस सुकून तिला वाट मोकळी करून देतात, तेव्हा ती पराग घेऊन बाहेर पडते. हा सारा प्रकार घरबसल्या पाहावा म्हणून मी खुरप्याने कंद काढला, ओल्या रुमालात गुंडाळून साताऱ्याला आणला आणि कुंडीत लावला. पहिल्या पावसाळ्यात वेल हातभर चढली, कळी आली नाही. दुसऱ्या वर्षी कुंडी उकरली तर बोटांना काळा लगदा लागला. माळावरच्या त्या खड्ड्यापाशी मी पुढे बरीच वर्षे जात राहिलो. तिथे गवताखेरीज काही उगवले नाही. तेव्हापासून मी काही उपटत नाही आणि दुर्मीळ फुलाचा फोटो कोणाला दाखवलाच तर जागा सांगत नाही. तूही मोबाइलवरच्या गटांत फोटो टाकताना गावाचे नाव घालू नकोस.

प्राण्यांसाठी वेगळी भटकंती करण्याची गरज नाही. तेच तुझ्याकडे येतात, फक्त तू झोपल्यावर. कुंपणाला जिथे खिंडार आहे तिथे चुलीतली राख चाळून हातभर रुंदीची पट्टी संध्याकाळी सारखी करून ठेव आणि सकाळी कोंबड्या सोडण्याआधी बघ. कुत्र्याच्या पावलात नखांचे ठिपके उमटतात. मांजराच्या कुळात, बिबट्यासुद्धा त्यातच आला, चालताना नखे आत ओढलेली असल्यामुळे चार बोटांचा गोलसर ठसा स्वच्छ दिसतो. उदमांजराची बोटे पाच असतात, आणि पायवाटेवरच्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर तीही बहुधा त्याचीच. ती काडीने उकलून पाहा, किळस करू नकोस. झाडीतले भेरली माड कोणी लावले, याचा उलगडा तिथेच होईल. मोठा, गोल ठसा सापडला तर मामांना सांग आणि काही दिवस दिवेलागणीनंतर एकटी ओढ्याकडे जाऊ नकोस. एरवीही हातात बॅटरी आणि काठी असल्याशिवाय गवतात पाऊल टाकायचे नाही. फुरसे आणि घोणस दोन्ही त्या भागात आहेत.

मे अखेर काजवे दिसले नाहीत अशी तुझी तक्रार आहे. ओसरीवर रात्रभर जळणारा तो पांढरा दिवा पुढच्या रोहिणीत बंद ठेव. काजवे एकमेकांना उजेडानेच हाक घालतात. तुझ्या दिव्यापुढे त्यांची हाक कोणाला दिसणार?

वहीत इंग्रजी तारखेशेजारी नक्षत्रही लिहीत जा. तुझ्या शेजारच्या आजींना जुलैची तारीख विचारशील तर त्या गोंधळतील, पण नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ रोहिणीत ऐकू आली की मृग उलटून गेल्यावर, पावशा कधी ओरडू लागला आणि कधी गप्प झाला, हे त्या बिनचूक सांगतील. दर सात वर्षांनी फुलणारी कारवी मागे कोणत्या साली फुलली होती, तेही त्यांनाच विचार. घरातले कोणते लग्न त्या वर्षी झाले, यावरून त्या हिशेब लावतील. त्यांच्या जुन्या घराचा कूड कारवीचाच आहे.

दसऱ्यानंतर गवत कापायला माणसे येतील. तुझी वीस पावले वगळून कापायला त्यांना सांग, म्हणजे फुलांचे बी जागेवर पडेल, आणि थंडी संपण्याआधी त्या तुकड्याभोवती दोन हात रुंदीची जाळरेषा काढून घे, कारण माघ-फाल्गुनात खालच्या वाडीकडून वणवा वर चढतो. मामा कुरकुरतील, तेवढ्या गवताच्या चार पेंढ्या सहज होतात. त्या चार पेंढ्यांचे पैसे माझ्या नावावर लिहून ठेव. मी दिवाळीत येईन तेव्हा देईन.

तुझा,
काका