आत्मशोधावरचा कमी बजेटचा चित्रपट खान्देशात शूट करतोय. नायकाच्या मनातलं व्हॉइसओव्हरशिवाय कसं दाखवू?

समजा, तुमचा नायक पुण्याची नोकरी सोडून रावेरकडच्या केळीच्या बागेत परततो आणि आपण नेमके कोण, हे त्याला उमगत नाही. हे तो तोंडाने सांगत असेल, तर तो प्रसंग आधी काढून टाका. त्याच्या हाताला काम द्या. सुरुवातीला त्याला घड नीट धरता येत नाही, चीक शर्टावर गळतो. शेवटाकडे तोच घड खांद्यावर घेताना मान आपसूक बाजूला जाते. प्रेक्षकाला एवढं पुरे. घड खराच घ्या, वीस-पंचवीस किलोचा. थर्माकोलचा घेतलात की नटाच्या चालीतच खोटेपणा दिसतो. चिकाचा डाग धुऊन जात नाही, म्हणून एकसारखे तीन-चार शर्ट ठेवा, नाहीतर रीटेकला अडाल.

बोलीत तडजोड नको. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी. दोन्हींची खिचडी इथल्या माणसाला लगेच खटकते. नायक आईशी कुठे प्रमाण मराठी बोलतो आणि कुठे घरच्या बोलीवर येतो, ते संहितेत ओळीओळीला ठरवा. त्याचा अर्धा शोध तिथेच आहे.

पैसे कॅमेऱ्याआधी आवाजावर घाला. असा चित्रपट शांततेवर उभा राहतो, आणि बागेतल्या पंपाच्या मोटारीची घरघर संवादाखाली बसली की एडिटला निघत नाही. शेतीपंपाची लाइट कोणत्या दिवशी, किती वाजता असते, हे शेतकऱ्याला विचारूनच शेड्यूल लावा. घरात पंखा आणि फ्रीज बंद करा (गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही). प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा. दोन कट जोडताना तोच कामी येतो.

ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा, फ्लिकर (उजेडाची लुकलुक) येणार नाही. बागेत पानांतून झिरपणाऱ्या उजेडाने चेहरा हिरवट पडतो. पांढरं कापड ताणून बाहेरचं ऊन चेहऱ्यावर परतवा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) तिथेच, हाताने सेट करा. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार शूटिंग नकोच. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, आणि तुमचा सगळा चित्रपट त्या डोळ्यांवरच आहे.