फी भरण्याआधी मुलाची शेवटची स्लाइड वाचा

फोंडा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, आतापर्यंत ६१ टक्के. त्याने कॉलेजात डायमिथाइल कार्बोनेट या द्रावकावर सेमिनार दिला आणि ‘ग्रीन केमिस्ट्री’लाच पुढे दिवस आहेत हे घरच्यांना पटलं. गोव्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात या नावाची एम.एस्सी. आहे. फी सहा लाख, पहिला हप्ता महिनाअखेरीस. मुलगा होही म्हणत नाही आणि नाहीही. सुट्टी लागली की सत्तरीला मामाच्या काजूभट्टीवर जाऊन बसतो. त्याला कसं समजवायचं, असा प्रश्न आहे.

नमस्कार. ६१ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘आम्ही ठरवलं आहे’ या वाक्याची, जे पत्रात पुन्हा पुन्हा येतं. प्रवेशअर्ज तुम्ही भरलात, ईमेल आयडी तुमचा दिलात, चवथीला घरी जमलेल्या सगळ्यांना सांगूनही मोकळे झालात. आता मुलगा नको म्हणाला तर तुमचा शब्द खाली पडेल, म्हणून तो गप्प आहे. तुम्ही त्याला आळशी म्हणता. मला तो भिडस्त वाटतो. आणि कॅनडातल्या पुतण्याचं काय चाललंय, ते या पत्रात कशासाठी आलं?

तुम्ही लिहिता, ‘ग्रीन म्हणजे धोका नाही, कारखान्याचा वास नाही, एसीतलं काम.’ हा गैरसमज सहा लाखांना पडेल. डायमिथाइल कार्बोनेट ९० अंशांना उकळतं आणि त्याची वाफ साधारण १७ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. म्हणजे गोव्यातल्या कुठल्याही दुपारी ते ज्वालाग्राहीच. मग त्याला ग्रीन का म्हणायचं? कारण रेणूला मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडायला एरवी डायमिथाइल सल्फेट किंवा मिथाइल आयोडाइड वापरतात. दोन्ही विषारी, आणि मागे क्षारांचा कचरा. डायमिथाइल कार्बोनेटने तेच काम केलं तर मिथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. पण हेच द्रव्य आधी फॉस्जीन या विषारी वायूपासून बनवत असत. भोपाळच्या दुर्घटनेतला एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) ज्यापासून बनायचा, तोच फॉस्जीन. १९८०च्या दशकात इटलीच्या एनिकेमने फॉस्जीन सोडला आणि मिथेनॉल, कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन कॉपर क्लोराइडच्या साहाय्याने एकत्र आणले. आज कार्बन डायऑक्साइड आणि इथिलीन ऑक्साइडपासून इथिलीन कार्बोनेट बनवून त्यावर मिथेनॉलची क्रिया करतात. यातला कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे आणि इथिलीन ऑक्साइडही काही गुळाचं पाणी नव्हे. बाटलीतलं द्रव्य हिरवं की नाही, हे ते कुठल्या वाटेने आलं आणि कशाच्या जागी वापरलं यावर ठरतं. त्या वाटा आखणारी, तपासणारी माणसं कारखान्यातच काम करतात. वासासकट.

लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आतल्या द्रवात, डायमिथाइल कार्बोनेट लागतं, हे खरं. पण एका द्रावकाच्या भरवशावर कुणी कुणाला नोकरी देत नाही.

सेमिनारच्या स्लाइड्स तुम्ही सोबत जोडल्या, ते बरं केलंत. पहिल्या नऊ कुठूनही घेतल्यासारख्या आहेत. दहाव्या स्लाइडवर मिथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइडपासून ते द्रव्य थेट बनवण्याची अभिक्रिया आहे आणि बाजूला पेनाने खरडलंय: ‘पाणी तयार होतं म्हणून अडकते. पाणी काढायचं कसं? आणि उरलेलं मिथेनॉल वेगळं कसं करणार, दोन्ही एकत्रच उकळतात!’ हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मुद्दा अगदी नेमका आहे. मिथेनॉल आणि डायमिथाइल कार्बोनेट यांचं मिश्रण सुमारे ६४ अंशांना एकत्रच उकळतं, साधं ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ वेगळी काढणं, तिथे थकतं. मग दाब वाढवतात किंवा तिसरं द्रव्य घालतात. हा प्रश्न प्रोसेसवाल्याचा, संयंत्र चालवणाऱ्याचा आहे. आणि मामाच्या भट्टीवर तो दुसरं काय बघत असतो? काजूचा आंबलेला रस एकदा उकळून वाफ धरली की हुर्राक, पुन्हा उकळलं की फेणी.

तेव्हा तो हप्ता भरू नका. एम.एस्सी. करायची तर ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे, बाहेर जायचं तर जॅम ही आयआयटींची एम.एस्सी. प्रवेशपरीक्षा आहे. नेट-गेट अशा परीक्षांची यादी तुम्ही पत्रात स्वतःच लिहिली आहे. माझा कल वेगळा आहे. पदवी झाल्यावर त्याला वर्षभर वेर्णा किंवा कुंडईच्या एखाद्या औषध कंपनीत काम करू द्या. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, जागा सहज मिळते, पण त्याने प्रॉडक्शन किंवा प्रोसेस डेव्हलपमेंट मागावं. शिफ्ट असेल, पगार बेताचा असेल, कॅनडाला कळवण्यासारखं काही नसेल. रिअ‍ॅक्टर आणि कॉलम जवळून बघून झाल्यावरही ओढ टिकली, तर एम.एस्सी. आणि पुढे गेट देऊन केमिकल इंजिनिअरिंगकडे वळण्याच्या वाटा शोधता येतील. प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या असतात, गणिताची अट कुठे कुठे आहे ते आधी पाहावं लागेल. हे सगळं त्याने स्वतः पाहायचं, स्वतःच्या ईमेलवरून.

एवढं त्याला वाचायला द्या: बाळ, तुझा पाण्याचा प्रश्न टाळायची एक वाट म्हणजे युरिया. युरिया आणि मिथेनॉल घेतलं तर पाण्याऐवजी अमोनिया सुटतो, आणि तो पुन्हा युरिया बनवायला वापरता येतो. झुआरीनगरला खताचा कारखाना आहे, तिथे युरिया कसा बनतो ते आधी वाच. मिथेनॉल मात्र इथेही जास्तच घालावं लागतं, म्हणजे तुझा दुसरा प्रश्न तसाच राहतो. त्याबद्दल मला तू लिही, बाबांना लिहायला लावू नकोस.