पुण्यात सर्वसामान्य माणसाला विज्ञानाची व्याख्यानं, चर्चा कुठे मिळतील? आणि कॉमर्सवाल्याला त्यातलं काही कळेल का?

तुम्ही लिहिलंय की बँकेत नोकरी आहे, वय चाळिशीच्या पुढे, दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही, मुलगी जे विचारते त्याची उत्तरं येत नाहीत आणि सभागृहात हात वर करायचा म्हटलं की घाम फुटतो. यातलं मुलीचं सोडलं (मला मुलगा आहे) तर बाकी सगळं माझंच वर्णन आहे. मी बी.कॉम., दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासते. नऊ वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून पहिल्या व्याख्यानाला गेले, तेव्हापासून जातेय.

कुठे जायचं, हे सोपं आहे. विद्यापीठाच्या आवारातली आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था, सगळ्यांना माहीत असते. तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होत आली आहेत, तेव्हा मुलीच्या शाळेत आधी चौकशी करा. शिवाय अधूनमधून सगळ्यांसाठी खुली व्याख्यानंही असतात. टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ सालची. हौशी आकाशनिरीक्षकांची एवढी जुनी संस्था देशात दुसरी नाही. तिथे गेलात की पहिल्याच दिवशी कोणीतरी तुम्हाला दुर्बिणीला डोळा लावायला सांगेल. पाषाणकडे एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था). २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या आसपास यातल्या बऱ्याच संस्था दारं उघडतात. त्या दिवसांत जमलं तर नारायणगावजवळ खोडदला जा, मुलीला घेऊन. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत त्या परिसरात, आणि आजूबाजूच्या शाळांतली पोरं आपापले प्रयोग मांडून बसलेली असतात. मला दरवर्षी अँटेनांपेक्षा त्या पोरांपाशीच जास्त वेळ लागतो.

ही झाली यादी. ती तुम्हाला कोणीही दिली असती. अडचण वेगळीच आहे.

पुण्याला ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली, तेव्हापासून आपण संध्याकाळी स्वच्छ कपडे घालून ऐकायला बसतोय. ऐकण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण विचारण्यात? मी गेलेल्या एका कार्यक्रमात वक्ते दीड तास बोलले, पडद्यावर इंग्रजी मजकुराच्या भिंतीच्या भिंती, मग अध्यक्षीय समारोप पंचवीस मिनिटं, आणि मग 'वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ'. त्यातला पहिला माइक एका गृहस्थांनी घेतला आणि म्हणाले, 'माझा प्रश्न नाहीये, एक छोटंसं निवेदन आहे.' पुढचं तुम्हाला माहीत असेलच. हे गृहस्थ पुण्यातल्या प्रत्येक व्याख्यानाला असतात. नाव वेगळं, शर्ट वेगळा, निवेदन तेच.

खरे प्रश्न विचारले जातात ते बाहेर, चपला घालताना. 'ते मधलं कळलं का हो तुम्हाला?' हे वाक्य मी चपलांच्या ढिगापाशी इतक्यांदा ऐकलंय की आमचा गट तिथेच जमला असं म्हणायला हरकत नाही. एका पायात चप्पल घातलेल्या चार अनोळखी माणसांना एकच गोष्ट कळली नव्हती. शेजारी चहा होता. तासभर थांबलो.

कळेल का, याबद्दल आता. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच पडणारी बारीकशी थरथर, सापडल्याची घोषणा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. त्या विषयावरचं एक व्याख्यान हे माझं पहिलं. वक्ते सांगत होते की चार किलोमीटर लांबीच्या नळीत लांबीचा जो फरक मोजला तो प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान होता. मला एकदम कर्वे रोडवरच्या आमच्या ऑफिसची खिडकी आठवली. ट्रक गेला की थरथरते. हात वर करायची हिंमत नव्हतीच, मैत्रिणीने माझा हात धरून वर केला. मी विचारलं, 'पण मग ते रस्त्यावरून ट्रक गेल्यामुळे नसेल कशावरून?' मागे कोणीतरी हसलं. वक्ते हसले नाहीत. म्हणाले, या क्षेत्रातल्या माणसांनी याच एका प्रश्नावर वर्षानुवर्षं घालवली आहेत. म्हणून तर यंत्रं दोन आहेत, अमेरिकेच्या दोन टोकांना, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर. एकाच आकाराची थरथर दोन्हीकडे आली, मध्ये फक्त सात सहस्रांश सेकंदाचं अंतर. एवढ्या वेळात प्रकाशही तीन हजार किलोमीटर जात नाही, त्याला दहा लागतात. म्हणजे एकीकडचा धक्का दुसरीकडे पोचला, असंही होऊ शकत नाही. आमच्या धंद्यात याला दोन स्वतंत्र वह्यांवरून जुळवणं म्हणतात. मला अख्ख्या व्याख्यानात तेवढंच नीट समजलं, आणि ते अजून विसरले नाहीये.

तेव्हा प्रश्न बावळट आहे की नाही, हे विचारणाऱ्याने ठरवू नये. नारळीकर सरांची एक सवय माहीत असेल. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही असेल, असं सांगायचे. आणि खरंच उत्तरं पाठवायचे. सही हवी तर आधी प्रश्न शोध! मला हा सौदा फार आवडतो.

म्हणून माझा खरा सल्ला असा की व्याख्यानांना जाच, पण सोबत पाच-सहा जणांची स्वतःची बैठक सुरू करा. कल्पना काही माझी नाही. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये डंकन डॅलस नावाच्या गृहस्थांनी १९९८ मध्ये असाच प्रकार सुरू केला. एखाद्या साध्या कॅफेत एक जाणकार वीसेक मिनिटं बोलणार, मग पेयपानाची सुट्टी आणि उरलेला सगळा वेळ लोकांचे प्रश्न. त्यांनी ती रीत पॅरिसच्या कॅफेंतल्या तत्त्वज्ञानाच्या गप्पांवरून उचलली होती. आम्ही ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली, महिन्यातल्या एका रविवारी, साडेदहा वाजता. कॅफेऐवजी थर्मास आणि पार्ले-जी.

पहिल्या वर्षी आम्ही हौसेने 'विश्वाची उत्पत्ती' ठेवलं होतं. अठ्ठावीस जण आले, सगळे माना डोलवून गेले, एक प्रश्न नाही. पुढच्या महिन्यात वक्ता मिळाला नाही म्हणून 'कुकरची शिट्टी' असा विषय घेतला आणि दोन तास कोणी उठेना. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी साधारण १२० अंशांना उकळतं, इथवर ठीक. पण मग एका काकूंनी विचारलं की शिट्टी झाल्यावर आच बारीक करायची की नाही? अर्धे जण म्हणाले मोठी आच म्हणजे लवकर शिजतं. नाही शिजत. आतलं तापमान दाबावर ठरतं आणि दाब शिट्टीच्या वजनावर, जास्तीचा गॅस नुसती वाफ बाहेर घालवतो. त्यावरून गाडी सिंहगडावर गेली. तिथे पाणी पुण्यापेक्षा दोन-तीन अंश आधीच उकळतं, मग तिथलं पिठलं एवढं छान लागतं ते भुकेमुळे की आणखी कशामुळे, वगैरे. विषय स्वयंपाकघरातून काढा. नाहीतर टेकडीवरून. वेताळ टेकडीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, हे तिथे रोज सकाळी फिरणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं?

आमची सगळ्यात चांगली बैठक झाली ती मात्र वॉचमनकाकांमुळे. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेमध्ये १३-१४ तारखेच्या सुमारास आणि जुलैच्या शेवटी. त्या क्षणी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. (कर्कवृत्ताच्या उत्तरेला हे कधीच होत नाही, त्यामुळे दिल्लीकरांना ही मजा नाही.) आम्ही प्लंबरकडून पीव्हीसीचा तुकडा आणला, ओळंबा लावून गच्चीवर उभा केला आणि बाराला दहा कमी असताना गोळा झालो. बारा वाजले. सावली आहेच. सव्वाबारा झाले, सावली आहे. काका म्हणाले, 'ताई, बारा वाजून गेले, आता कशी जाईल? शाळेत तर शिकवलंय, बाराला सूर्य डोक्यावर.' मुलं कंटाळून लिफ्टकडे निघाली. आणि १२ वाजून ३१ मिनिटांनी पाइपभोवतीची काळी कड गायब झाली.

एकतीस मिनिटं कुठून आली? अर्धं उत्तर आमच्यातल्या एका निवृत्त सर्व्हेअरनी लगेच दिलं. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलंय, तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळ. पुणे त्याच्या पश्चिमेला साधारण ८.६५ अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली दुपार जवळजवळ पस्तीस मिनिटं उशिरा. ही एकच वेळ १९०६ पासूनची. मुंबईकरांनी तर त्यांची एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली वेळ पुढे पन्नासेक वर्षं पूर्णपणे सोडली नव्हती. त्यावर एका आजोबांनी त्यांच्या वडिलांच्या 'मुंबई टाइम'च्या गोष्टी सांगितल्या, त्यात अर्धा तास गेला आणि तो वाया गेला असं कोणाला वाटलं नाही.

पण पस्तीसमधून एकतीस गेले, चार उरले. माझा जीव त्या चार मिनिटांत अडकला. हिशेब जुळत नाही म्हणजे काय! सर्व्हेअरकाकाही गप्प. सगळ्यांनी आपापल्या परीने शोधलं आणि पुढची अख्खी बैठक त्यावरच घेतली. पृथ्वी सूर्याभोवती सारख्या वेगाने फिरत नाही, जानेवारीत जवळ असते तेव्हा वेगात, जुलैत संथ. शिवाय तिचा आस कललेला. त्यामुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा दिवस नेमका चोवीस तासांचा नसतोच, कधी काही सेकंद कमी, कधी जास्त. आपलं घड्याळ वर्षाची सरासरी दाखवतं. ते सेकंद साचत जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटं मागे, आणि मेच्या मध्यात पावणेचार मिनिटं पुढे. जुळला हिशेब. काकांनी तेवढ्यात आणखी एक टाकलं, 'म्हणजे रोज जे दाखवतंय ते घड्याळ खोटं?' त्यावर अजून एकमत नाही.

गट चालवायच्या काही गोष्टी अनुभवावरून. वक्ता बोलवायचा तर मोठं नाव शोधू नका, पीएच.डी. करणारी मुलंमुली बोलवा. त्यांना आपला विषय आईवडिलांना समजावून सांगायचा सराव असतो. पत्रात स्पष्ट लिहा की श्रोते कोण आहेत, मराठीत बोलायचंय, प्रोजेक्टर नाही. रिक्षाभाडं आधी द्या, शाल-श्रीफळ नको. मराठीत म्हणजे 'प्राणवायू'च म्हणा असा आग्रह नाही, ऑक्सिजन चालतो. एकाने एकदा विचारलं की बाकी सगळ्यांना संधी मिळेपर्यंत त्याचा दुसरा प्रश्न नाही. ज्यांना बोलायचा संकोच आहे त्यांच्यासाठी चिठ्ठ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा, फॉरवर्ड टाकणाऱ्याने पुढच्या वेळी बिस्किटं आणायची. आणि ज्याचं उत्तर मिळालं नाही ते वहीत लिहायचं. ही वही आमची सगळ्यात मोठी मालमत्ता आहे.

'हे आपल्या ग्रंथांत आधीच होतं' म्हणणारे एक जण तुमच्याकडेही येतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना फक्त विचारा की हे तपासायचं कसं. याचा पुण्यातलाच नमुना आहे. २००८ मध्ये नारळीकर, अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) आणि विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांनी मिळून ज्योतिष तपासलं. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका घेतल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस मिसळून दिल्या आणि कोणती कुठल्या गटातल्या मुलाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. ही गोष्ट आमच्याकडच्या त्या गृहस्थांना सांगितली तेव्हा ते रागावले नाहीत, नमुना किती मोठा हवा यावर भांडायला लागले. आता ते नियमित येतात, आणि ते भांडण मला निवेदनापेक्षा परवडतं.

तुमच्या मुलीचे प्रश्न लिहून ठेवा, पहिल्या तीन-चार बैठका त्यांवरच निघतील. मेची तारीख हुकली तर जुलैच्या शेवटी पाइप उभा करा, तेव्हा सावली १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास जाते. अर्थात पावसाळा असतो. आमच्याकडे चार वर्षांत तीनदा ढग होते, आणि एकदा दीड मिनिट लख्ख ऊन पडलं तेव्हा मी थर्मास भरायला खाली गेले होते.